मकरपुऱ्यातल्या लॅबमध्ये ग्रूव्हची खोली मोजून घेतली

बडोद्यात मेकॅनिकल सीलच्या (पंप, कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्यापाशी गळती थांबवणाऱ्या भागाच्या) रिंगांचं लॅपिंग, म्हणजे बारीक पावडरीनं घासून सपाट करायचं काम, करायला लागून मला 26 वर्षं झाली. फेस (दुसऱ्या रिंगेसमोर येणारी बाजू) सपाट झाला की नाही हे आम्ही वडिलांच्या वेळेपासून एकाच पद्धतीनं बघतो: सोडियम लाइटखाली रिंग, तिच्यावर ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काचेची चकती), आणि मग मधल्या फटीमुळे दिसणारे काळे-उजळ पट्टे मोजायचे. एक पट्टा म्हणजे उंचीत 0.29 मायक्रॉनचा फरक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पट्टे सरळ आले की पीस पास.

गेल्या महिन्यात पट्टे सरळ असूनही माल परत आला. ड्राय गॅस सीलच्या (वायूच्या पातळ थरावर चालणाऱ्या सीलच्या) टंगस्टन कार्बाइडच्या चार रिंगा होत्या, फेसवर वळत गेलेले बारीक ग्रूव्ह, म्हणजे खाचा. ड्रॉइंगमध्ये खोली 8 मायक्रॉन, आणि पार्टीचं म्हणणं, ती सगळीकडे सारखी नाही. ऑप्टिकल फ्लॅटखाली ही खोली कळत नाही. उजेड एकाच रंगाचा असला की पट्टा ग्रूव्हच्या काठाशी तुटतो आणि आत पुन्हा सुरू होतो. मधले किती गेले, 23 की 27, कसं सांगणार? सगळे पट्टे सारखेच दिसतात.

म्हणून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा मेट्रॉलॉजी (मोजमापाच्या) लॅबमध्ये गेलो. त्यांच्याकडे पांढऱ्या उजेडावर चालणारं इंटरफेरोमीटर (उजेडाच्या पट्ट्यांवरून उंची मोजणारं यंत्र) आहे. ते चालवणारी मुलगी बडोद्याच्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, आपली मराठीच. तिनं मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. भिंग अगदी सावकाश खाली येत होतं, स्क्रीनवर नुसता राखाडी रंग. एकदम फेसवर रंगीत पट्टे उमटले आणि लगेच पुसले गेले. पुन्हा राखाडी. मग तेच पट्टे ग्रूव्हच्या तळाशी आले. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, त्यामुळे रिंगेवरून येणारा आणि आतल्या आरशावरून येणारा उजेड सारखंच अंतर चालून आला तरच पट्टे दिसतात. एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे झालं की गेले. फेसवर पट्टे आले तेव्हा भिंग कुठे होतं आणि तळाशी आले तेव्हा कुठे, यातला फरक हीच खोली. पट्टे मोजायचेच नाहीत! माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्या रिंगेवर एक उंचवटा आला. तिनं रिंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून पुन्हा लावली तर तो गायब. माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेघांसकट.

तीन रिंगांमध्ये एका बाजूला 7.9 मायक्रॉन भरले आणि समोरच्या बाजूला 6.8. फेस सपाटच होता, पण लॅपिंगमध्ये एका अंगाचं मटेरियल जास्त गेलं होतं. आमचं वजन रिंगेच्या मधोमध बसत नव्हतं. पार्टीचं म्हणणं खरं होतं.

मला सर्वांत पटलं ते वेगळंच. यंत्रानं काढलेल्या उंचीच्या रंगीत नकाशात ग्रूव्हच्या काठाशी काळे ठिपके राहिले होते. मी म्हटलं, हे भरून टाक ना. ती म्हणाली, "काका, त्या उभ्या कडेवरून उजेड भिंगात परत येतच नाही. तिथलं मला दिसलेलंच नाही, तर भरू कशानं?" असा रिपोर्ट मी पार्टीसमोर बेधडक ठेवतो. पूर्वी दुसरीकडे कार्बनची रिंग सुईच्या यंत्रावर मोजून घेतली होती, तेव्हा सुईनं फेसवर रेघ ओढली आणि मला कुणी सांगितलंही नाही. इथे रिंगेला काहीच टेकत नाही.

एका रिंगेचे 1,200 रुपये, चार ठिकाणी मोजून. महाग नाही. शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस आहे. प्रेस चालू असताना, यंत्राचं टेबल हवेच्या पायांवर असूनही, ती मुलगी मोजत नाही, जेवणाच्या सुट्टीची वाट बघते. वेळ काढून जा. एक तक्रार आहे: प्रत्येक चित्रात रंगांची पट्टी (कुठला रंग म्हणजे किती उंची, ते दाखवणारी) आपोआप बदलते, त्यामुळे दोन रिंगा शेजारी ठेवल्या तर फसायला होतं. सगळ्यांना एकच पट्टी लावायला आधीच सांगा. आणि नुसता सपाटपणा बघायचा असेल तर तिथे जाऊ नका. एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर जागा दिसते, अख्ख्या रिंगेसाठी तुकडे जोडत बसावं लागतं. त्याला आपला ऑप्टिकल फ्लॅटच बरा.

वजनाची चकती बदलून लॅप केलेल्या चार रिंगा काल तिथे ठेवून आलो. "रात्रभर एसीत राहू द्या काका, 20 अंशांवर आल्या की सकाळी लावते," म्हणाली.