लंडनचे सहा विमानतळ: कोणत्या प्रवासाला कोणता सोयीचा?

लंडनचे तिकीट शोधू लागले की हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, लंडन सिटी आणि साउथएंड अशी सहा नावे समोर येतात आणि सहाही विमानतळ शहरातच असावेत, असा समज होतो. प्रत्यक्षात हीथ्रो आणि लंडन सिटी हे दोनच बृहद् लंडनच्या हद्दीत आहेत. गॅटविक दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये, ल्यूटन वायव्येला बेडफर्डशरमध्ये, तर स्टॅन्स्टेड आणि साउथएंड अनुक्रमे ईशान्येला आणि पूर्वेला एसेक्समध्ये आहेत. म्हणून तिकिटांचे दर ताडून पाहण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: आपला मुक्काम लंडनच्या कोणत्या भागात आहे, आणि विमान दिवसाच्या कोणत्या वेळेचे आहे. माझ्या मते तिकिटातला वीस-तीस पौंडांचा फरक या दोन गोष्टींच्या हिशेबात बहुतेक वेळा विरून जातो.

हीथ्रो आणि गॅटविक

लांब पल्ल्याच्या प्रवाशापुढे खरी निवड या दोघांतच असते. हीथ्रो मध्य लंडनच्या पश्चिमेला सुमारे 23 किलोमीटरवर आहे, तर गॅटविक दक्षिणेला सुमारे 45 किलोमीटरवर. 2024 मध्ये हीथ्रोवरून जवळपास 8 कोटी 39 लाख आणि गॅटविकवरून सुमारे 4 कोटी 32 लाख प्रवाशांनी ये-जा केली. मुंबईहून थेट जाणारी विमाने प्रामुख्याने हीथ्रोवर उतरतात, त्यामुळे त्या प्रवाशापुरता प्रश्न बऱ्याच अंशी आधीच सुटलेला असतो. मात्र युरोपात किंवा आखातात विमान बदलून जाणाऱ्याला दोन्ही पर्याय दिसतात आणि तिथे विचार करावा लागतो.

हीथ्रोचे बलस्थान म्हणजे शहरात जाण्याचे तीन वेगवेगळे रेल्वेमार्ग. पिकाडिली लाइन ही भुयारी रेल्वे 1977 पासून विमानतळापर्यंत येते. मध्य लंडनला पोहोचायला तिला सुमारे पाऊण ते एक तास लागतो आणि भाडे सहा पौंडांच्या आसपास असते. हीथ्रो एक्सप्रेस 1998 पासून धावते आणि मधल्या टर्मिनलपासून (2 आणि 3) सुमारे पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्थानक गाठते. पण ऐनवेळी काढलेले तिकीट 25 पौंडांच्या घरात जाते. या दोघींच्या मधला मार्ग म्हणजे मे 2022 मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन. तिचे भाडे पिकाडिलीच्या दुपटीहून अधिक असले तरी डबे प्रशस्त आहेत, सामान ठेवायला जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे ती पॅडिंग्टनला न संपता पुढे बाँड स्ट्रीट, टॉटनम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट अशी थेट शहराच्या पोटातून पूर्वेकडे कॅनरी व्हार्फपर्यंत नेते. एलिझाबेथ लाइन आल्यापासून हीथ्रो एक्सप्रेसचे पूर्ण भाडे मोजणे मला तरी पॅडिंग्टनच्या परिसरात उतरणाऱ्यापुरतेच समर्थनीय वाटते, कारण इतरांना पॅडिंग्टनला गाडी बदलताना वाचवलेली मिनिटे परत द्यावी लागतात. तिकीट बरेच दिवस आधी काढले तर एक्सप्रेसचेही भाडे खूप उतरते, पण विमान वेळेवर येईल आणि बॅगा लवकर हाती पडतील हे गृहीत धरावे लागते.

हीथ्रोची अडचण त्याच्या आकारात आहे. टर्मिनल 1 हे 2015 मध्ये बंद झाले. आता 2, 3, 4 आणि 5 ही चार टर्मिनल चालू आहेत. 2 आणि 3 एकमेकांना लागून आहेत, तर 4 आणि 5 तिथून दूर आहेत. टर्मिनलांमधला रेल्वेप्रवास मोफत असला तरी टर्मिनल 5 ला जाणारी गाडी टर्मिनल 4 ला जात नाही. त्यामुळे परतीच्या दिवशी आपले टर्मिनल कोणते आणि फलाटावर आलेली गाडी कुठे जाणार, हे दोन्ही पाहूनच चढावे. घाईत चुकीच्या गाडीत बसलेल्याला मध्य टर्मिनलपर्यंत मागे यावे लागते आणि त्यात सहज अर्धा तास जातो.

गॅटविक याउलट आटोपशीर आहे. नॉर्थ आणि साउथ ही दोनच टर्मिनल आहेत, त्यांना जोडणारी चालकविरहित गाडी मोफत आहे, आणि रेल्वे स्थानक साउथ टर्मिनलला लागूनच आहे. तिथून गॅटविक एक्सप्रेस सुमारे अर्ध्या तासात व्हिक्टोरिया स्थानकाला पोहोचते. त्याच मार्गावरची सदर्न कंपनीची गाडी थोडी अधिक वेळ घेते, पण स्वस्त पडते. थेम्सलिंकची गाडी मात्र व्हिक्टोरियाकडे न जाता लंडन ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स, फॅरिंग्डन आणि किंग्ज क्रॉसला लागूनच असलेले सेंट पॅंक्रस असा शहर उभे कापणारा मार्ग घेते. 'एक्सप्रेस' या नावाला भुलून व्हिक्टोरियाला उतरणारे आणि तिथून पुन्हा भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉसकडे जाणारे प्रवासी जास्त पैसे देऊन जास्त वेळ घालवतात. ज्यांचा मुक्काम थेम्सच्या दक्षिणेला, क्रॉयडनच्या बाजूला किंवा ब्रायटनच्या दिशेने असेल त्यांच्यासाठी गॅटविक निर्विवादपणे सोयीचे आहे, तर साउथॉल, हाउन्स्लो, वेम्बली, हॅरो अशा पश्चिम आणि वायव्य भागांत नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी हीथ्रोच निवडावे.

गॅटविकचा नियमित वापर एकाच धावपट्टीवर चालत आला आहे. दुसरी धावपट्टी आहे, पण ती मुख्य धावपट्टीच्या इतकी जवळ आहे की दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. ती थोडी सरकवून नियमित वापरात आणण्याच्या योजनेला ब्रिटिश सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली, पण तिकीट काढताना या योजनेवर विसंबण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो, म्हणून गॅटविकवरून रात्रीचे शेवटचे विमान घेण्यापेक्षा सकाळचे घेतलेले बरे. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्याही क्षमतेच्या काठावरच चालतात. मात्र एखादे विमान रद्द झाले, तर त्याच दिवशी त्याच शहराला जाणारे दुसरे विमान मिळण्याची शक्यता तिथे अधिक असते, आणि वृद्ध आईवडील एकटे प्रवास करणार असतील तर या एका गोष्टीसाठी मी थोडे महागडे तिकीट स्वीकारीन.

स्टॅन्स्टेड आणि ल्यूटन

युरोपातील शहरांना स्वस्तात जाण्याचा विचार सुरू झाला की हे दोन विमानतळ पुढे येतात. स्टॅन्स्टेडवर रायनएअर या स्वस्त विमानकंपनीचा मोठा तळ आहे. ल्यूटनवर ईझीजेट आणि विझ एअर यांचा वावर अधिक आहे. ईझीजेटची सुरुवातच 1995 मध्ये ल्यूटनवरून झाली.

स्टॅन्स्टेड मध्य लंडनपासून 60 किलोमीटरहून अधिक दूर आहे. 1991 मध्ये उघडलेली तिथली इमारत नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने रचली. तिचे हलके, उजेड आत घेणारे छत पुढे अनेक विमानतळांनी गिरवले, हे घाईतल्या प्रवाशाच्या सहसा लक्षात येत नाही. स्टॅन्स्टेड एक्सप्रेस सुमारे पन्नास मिनिटांत लिव्हरपूल स्ट्रीटला पोहोचते. उत्तर लंडनला किंवा किंग्ज क्रॉसकडे जाणाऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत न बसता टॉटनम हेलला उतरून व्हिक्टोरिया लाइन पकडावी.

ल्यूटन अंतराने थोडे जवळ, म्हणजे सुमारे 50 किलोमीटरवर आहे. तिथे जुनी तक्रार अशी होती की रेल्वे स्थानकापासून विमानतळापर्यंत बसने जावे लागे. मार्च 2023 मध्ये डार्ट ही केबलने ओढली जाणारी गाडी सुरू झाली आणि ती ल्यूटन एअरपोर्ट पार्कवे स्थानकापासून चार मिनिटांच्या आत टर्मिनलला पोहोचवते. सेंट पॅंक्रसहून ईस्ट मिडलंड्सची वेगवान गाडी आणि डार्ट यांचा मेळ जुळला तर प्रवास साधारण अर्ध्या तासात उरकतो. थेम्सलिंकला त्याहून अधिक वेळ लागतो, पण ती अधिक ठिकाणांहून मिळते. तिकीट काढताना 'ल्यूटन एअरपोर्ट' असेच काढावे, म्हणजे डार्टचे भाडे त्यात धरले जाते. नुसते 'ल्यूटन' हे पुढचे वेगळे स्थानक आहे.

दोघांत निवड करताना खरा निकष पहाटेचा असतो. स्वस्त तिकिटे पुष्कळदा सकाळी सहा-सातच्या विमानांची असतात, म्हणजे विमानतळावर चार-पाचला हजर राहावे लागते, आणि त्या वेळी स्टॅन्स्टेड एक्सप्रेस सहसा उपयोगाची नसते. नॅशनल एक्सप्रेसच्या बस रात्रभर चालतात, पण त्यात झोपेचे खोबरे होते. टॅक्सी घेतली तर स्वस्त तिकिटाचा अर्थच उरत नाही. रविवारी रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीची कामे निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते, हेही आदल्या दिवशी पाहून ठेवावे. थेम्सलिंकच्या मार्गाजवळ राहणाऱ्याने ल्यूटन आणि पूर्व किंवा ईशान्य लंडनमध्ये राहणाऱ्याने स्टॅन्स्टेड निवडावे. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्याने मात्र या दोन्हींकडे वळण्याआधी हीथ्रोवरून त्याच शहराला जाणाऱ्या विमानाचे भाडे सामानासह मोजून पाहावे, कारण स्वस्त कंपन्यांच्या मूळ दरात बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी धरलेली असते.

लंडन सिटी

1987 मध्ये जुन्या रॉयल डॉक्सच्या धक्क्यावर सुरू झालेला हा विमानतळ इतरांपेक्षा अगदी वेगळा आहे. त्याची धावपट्टी जेमतेम 1,508 मीटरची असून विमानांना 5.5 अंशांच्या तीव्र उतरणीने खाली यावे लागते; नेहमीची उतरण तीन अंशांची असते. त्यामुळे ठरावीक लहान विमानेच इथे येऊ शकतात. 2021 पासून इथले उड्डाण-नियंत्रण दूरवरच्या स्वॉनविक येथून, कॅमेऱ्यांच्या साहाय्याने चालते. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की डॉकलँड्स लाइट रेल्वेचे स्थानक टर्मिनलच्या दाराशी आहे, बँक स्थानकापर्यंत सुमारे वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि भाडे शहरांतर्गत प्रवासाचेच पडते. एलिझाबेथ लाइन विमानतळाच्या अगदी जवळून जात असूनही तिथे तिचे स्थानक नाही, हे नियोजनातले एक कोडेच आहे.

कॅनरी व्हार्फ किंवा 'सिटी' या आर्थिक व्यवहारांच्या भागांत कामासाठी जाणाऱ्याला, तेही हातातल्या एका बॅगेसह, याहून चांगला पर्याय नाही. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत विमानतळ बंद असतो, रात्रीही उड्डाणे होत नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सहलीसाठी तो फारसा उपयोगी नाही.

साउथएंड

साउथएंडचा विचार थेम्स नदीच्या मुखाकडच्या एसेक्समध्ये राहणाऱ्यांनी आवर्जून करावा. विमानतळाला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे आणि लिव्हरपूल स्ट्रीटला तासाभराच्या आत पोहोचता येते. पण उड्डाणे मोजकी आहेत. ईझीजेटने 2020 मध्ये तिथला तळ बंद केला होता आणि 2025 मध्ये तो पुन्हा सुरू केला.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणे

हीथ्रोवर उतरायचे आणि स्वस्त मिळाले म्हणून गॅटविक किंवा ल्यूटनवरून पुढचे विमान पकडायचे, असा बेत अनेक जण आखतात. रेल्वेने हे जमते: एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला यावे आणि तिथेच थेम्सलिंक पकडावी, एका दिशेला गॅटविक आहे, दुसऱ्या दिशेला ल्यूटन. स्टॅन्स्टेडसाठी त्याच एलिझाबेथ लाइनने लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत जावे. मात्र विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनच्या सीमा तपासणीतून बाहेर पडावे लागते. भारतीय पारपत्रधारकाला त्यासाठी व्हिसा लागतो; 48 तासांपर्यंतच्या संक्रमणासाठी वेगळा व्हिसा आहे, आणि विमानतळाबाहेर न पडता नुसते विमान बदलण्यालाही काही अपवाद वगळता व्हिसा लागतोच. शिवाय दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असली तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही आणि बॅगाही आपण स्वतःच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. असा बेत करायचाच असेल तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवावेत. उतरणे संध्याकाळचे असेल तर पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे घ्यावे आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्या विमानतळाजवळ करावा.