पॅड वाचतात, ब्रेक ऑइल वाचत नाही: पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीची तुलना

माझ्या मेहुण्याला पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यायची आहे. नोकरी पुण्यात, घर रत्नागिरीतल्या खेडजवळ, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी घाट ठरलेला. देखभालीचा हिशेब मांडताना त्याने कागदावरून इंजिन ऑइल, प्लग, क्लच एकेक करून खोडलं आणि त्याच ओघात ब्रेक ऑइलवरही रेघ मारली. "तिला ब्रेक लागतोच कुठे? मोटरच गाडी थांबवते." बाकीच्या रेघा बरोबर होत्या. ही एक मी त्याला पुसायला लावली.

पेडलवरचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणाऱ्या द्रवाला गॅरेजात आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 (ही त्याची प्रतवारी) ही ग्लायकॉल जातीची द्रवं आहेत, आणि हवेतली ओल शोषणं हा त्यांचा स्वभाव आहे. (खरं खनिज तेल चुकून त्यात गेलं तर रबरी सील फुगतात आणि सगळी ब्रेक यंत्रणा उघडावी लागते.) रबरी होजमधून, ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणातून ओल हळूहळू आत जाते. गाडी चालो वा अंगणात उभी राहो, ओलीला फरक पडत नाही. म्हणून ब्रेक ऑइलचं वय किलोमीटरवर मोजून भागत नाही, कॅलेंडर पाहावं लागतं. या बाबतीत पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडी अगदी सारख्या आहेत.

फरक आहे तो आत गेलेलं पाणी पुढे काय करतं यात.

पेट्रोल गाडीत धोका उष्णतेचा. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 मध्ये हे आकडे 205 आणि 140 आहेत. घाटात ब्रेक लावून चाकाची डिस्क तापली, ती धग कॅलिपरमधून (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आत पोचली आणि द्रव उकळला, तर वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल थेट तळाला टेकतं आणि गाडी चालतच राहते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे हा प्रसंग स्वतःहून ओढवून घेतात. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर बरंचसं काम इंजिनच करतं.

इलेक्ट्रिक गाडीत रोजच्या वापरात ब्रेक एवढे तापतच नाहीत. वेग कमी करताना मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत जाते; यालाच रीजन म्हणतात. पॅड इतके कमी झिजतात की फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 ला मागे चक्क जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक दिले. इथे पाण्याचा त्रास वेगळा, गंजाचा. द्रवातली गंजरोधक रसायनं काळासोबत संपत जातात आणि ओल कॅलिपरच्या पिस्टनपासून एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाकं जखडू न देणारी यंत्रणा) बारीक झडपांपर्यंत पोचते. द्रव बदलायला काही शे रुपयांच्या बाटल्या आणि थोडी मजुरी लागते. एबीएसचा भाग बदलायचा झाला तर बिल पाच आकडी. बाहेरून डिस्कही गंजते, कारण पावसाळ्यात तिच्यावर पॅड फारसे घासले जात नाहीत. त्यावर साधा उपाय आहे: रिकाम्या रस्त्यावर रीजन सर्वांत कमी ठेवून आठवड्यातून काही वेळा ठाम ब्रेक दाबायचा, आणि वर्षातून एकदा कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्यायच्या.

आता घाट. मेहुण्याचा खरा प्रश्न इथेच आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी साधारण साडेबाराशे मीटर खाली येते. माणसं-सामानासह 1,700 किलोची गाडी धरली तर उतरताना सुटणारी ऊर्जा साडेपाच-सहा युनिट विजेएवढी होते. त्यातला काही भाग टायर आणि हवा खातात. उरलेली कुठेतरी जिरायला हवी. पेट्रोल गाडीत ती इंजिन आणि डिस्क वाटून घेतात. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीत जागा असेल तर बहुतेक सगळी तिच्यात जाते आणि डिस्क कोमट राहते. घाट उतरायला याहून चांगली गाडी नाही. पण हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी 100 टक्के भरली आणि सकाळी लगेच उतरायला लागलात, तर वीज ठेवायला जागाच नाही. रीजन बंद किंवा अगदी कमी होतं. इंजिन ब्रेकिंगही नाही, कारण इंजिनच नाही. वर बॅटरीमुळे गाडी बरोबरीच्या पेट्रोल गाडीपेक्षा शे-दोनशे किलो जड. म्हणजे ज्या ब्रेकवर वर्षभर फारसं काम पडलं नाही, त्यांच्यावर एकदम पूर्ण भार, आणि आत चार वर्षांचं ओलं ऑइल. त्या सकाळी "तिला ब्रेक लागतोच कुठे" हे वाक्य खोटं ठरतं.

डबीतली पातळी वाचायची रीतही दोन्ही गाड्यांत वेगळी. पेट्रोल गाडीत पॅड झिजतील तशी पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. उगाच टॉप अप केलं तर नवे पॅड बसवताना ऑइल डबीबाहेर येतं, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर तो सोलून काढतं. इलेक्ट्रिक गाडीत पॅड फारसे झिजत नाहीत, त्यामुळे पातळी दिसण्याइतकी उतरली असेल तर आधी गळती शोधा. ऑइलच्या रंगावर विसंबू नका. पिवळसर दिसणारं ऑइलही ओलं असू शकतं. पेनासारखं मीटर डबीतली ओल सांगतं खरं, पण सर्वांत खराब द्रव खाली कॅलिपरपाशी असतो. मीटरने लाल दिवा दाखवला तर बदला; हिरवा दाखवला म्हणून मुदत मात्र वाढवू नका.

बदलायचं काम कोणाकडे? जुन्या साध्या पेट्रोल गाडीला नाक्यावरचा मेकॅनिक आणि पेडल मारायला एक पोरगा पुरतो: "मार, मार, धर!" कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल ढिलं, हवा बाहेर, निपल बंद. बऱ्याच इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांत इंजिनच्या व्हॅक्यूमऐवजी पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर विजेवर चालतो आणि हवा नीट काढायला स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो. तिथे "मार, धर" चालत नाही, कंपनीच्या सेंटरला जावं लागतं. या एका मुद्द्यावर पेट्रोल गाडी स्वस्त आणि सोयीची, हे मान्य.

मुदतीचं म्हणाल तर बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटर असतं. टेस्ला दर 4 वर्षांनी तपासणी सांगते आणि गरज पडली तर बदला म्हणते. मात्र डोंगरउतार आणि उष्ण-दमट हवा असेल तर लवकर पाहा, हेही तीच सांगते. डोंगरउतार आणि दमट हवा म्हणजे आपलं कोकणच की. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत, सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला मी पुस्तिकेतली मुदत खुशाल पाळू देईन. मेहुण्याला मात्र कुठलीही गाडी घेतली तरी दर 2 वर्षांनी बदल, असंच सांगितलं. द्रव कोणता, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तोच, आणि सीलबंद बाटलीतला. गॅरेजच्या फळीवर महिनाभर उघडी असलेली बाटली ओल पिऊनच बसलेली असते.

गाडी तो इलेक्ट्रिकच घेतो आहे, आणि मलाही ते पटतं. महाबळेश्वरला मुक्काम पडला तर चार्जर 85 टक्क्यांना काढायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.