नऊ हाशिरा, तेवीस पुस्तकं आणि एक बॉक्स

आधीच सांगून ठेवलेलं बरं: 'डीमन स्लेअर'मध्ये कोण मरतं, कोण वाचतं, सगळं खाली आहे. ज्यांना शेवट पडद्यावरच बघायचाय त्यांनी इथूनच मागं फिरावं.

'डीमन स्लेअर' या राक्षस मारणाऱ्या तलवारबाजांच्या जपानी गोष्टीचा पहिला इन्फिनिटी कॅसल सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडं लागला. तो बघून बाहेर पडलेल्यांना दोनच प्रश्न पडतात. उरलेल्या हाशिरांचं, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या अव्वल तलवारबाजांचं, पुढं काय होतं, आणि ते कळायला अख्खा मांगा (जपानी चित्रकथा) बॉक्स घ्यायचा की चार-सहा पुस्तकांत भागतं?

बॉक्समध्ये २३ पुस्तकं, एक छोटी पुस्तिका आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं पोस्टर येतं. भाषांतर व्हिझ या प्रकाशकाचं, इंग्रजीतलं. कोयोहारू गोतोगे यांची ही मालिका जपानी साप्ताहिकात फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० अशी चालली, एकूण २०५ प्रकरणं. वाचायचं उजवीकडून डावीकडं, पानं आणि पानांतल्या चौकटीही. पहिल्या पुस्तकाला अडखळायला होतं, तिसऱ्यापर्यंत डोळा सरावतो.

सिनेमा संपतो ती जागा १८व्या पुस्तकाच्या मध्यावर येते. त्यामुळं बरेच जण १८ ते २३ अशी सहाच पुस्तकं मागवतात आणि फसतात. कारण या मालिकेत हाशिराचा मृत्यू एका पुस्तकात घडतो, पण त्याचं कारण चार-पाच पुस्तकं आधी लिहिलेलं असतं.

उदाहरण म्हणून १५वं पुस्तक घ्या. अंगावर ताकद वाढवणारी खूण, म्हणजे मार्क, कधी उमटते हे तिथं सांगितलंय: नाडीचे ठोके मिनिटाला २०० च्या वर आणि अंगात ताप ३९ अंशांच्या वर. त्याच ओघात दुसरी गोष्टही येते. मार्क उमटलेला माणूस पंचविशीच्या पुढं जात नाही. हे वाचलेलं नसेल तर ग्योमेई या हाशिराचं मरण नुसत्या जखमांचं वाटतं. ग्योमेई २७ वर्षांचा आहे. पंचविशी ओलांडून मार्क उमटलेल्याला तीच रात्र शेवटची, हे कोकुशिबो हा राक्षस त्याला लढता लढता तोंडावर सांगतो. तरी गडी मागं सरत नाही, आणि शेवटी पाय गेल्यावर औषधपाणी दुसऱ्यांना करा म्हणतो. हा ग्योमेई २२० सेंटिमीटर उंच, १३० किलो वजनाचा, आंधळा, गळ्यात जपमाळ, तोंडी सतत नामस्मरण. हिंदकेसरी मारुती मानेंच्या सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला असा माळकरी पैलवान वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शिनोबू या हाशिराचा भाग सिनेमात बघितला असला तरी १६वं आणि १७वं पुस्तक सोडू नका. तिचं वजन ३७ किलो. राक्षसाची मान कापायला लागणारी ताकद मनगटात नाही, म्हणून ती विस्टेरियाच्या फुलांचं विष वापरते. डोमा या राक्षसासमोर हरण्याची तयारी ती वर्षभराहून जास्त काळ करत होती: रोज थोडं थोडं विष पोटात घेऊन सगळं शरीरच विषारी करून ठेवलं होतं. डोमा तिला गिळतो तेव्हा त्याच्या पोटात मारक मात्रेच्या सुमारे ७०० पट विष जातं. त्याचा परिणाम मात्र १८-१९ मध्ये दिसतो. कनाओ आणि इनोसुके हे तरुण तलवारबाज लढत असताना डोमाचं अंग वितळायला लागतं, तेव्हा १७वं पुस्तक काढून ती पानं पुन्हा बघितल्याशिवाय राहवत नाही. बॉक्स हाताशी असण्याचा खरा फायदा हा, आणि तो थिएटरात मिळत नाही.

बाकीच्या हाशिरांचं थोडक्यात. रेंगोकू ८व्या पुस्तकात अकाझा या राक्षसाच्या हातून जातो, वय २०. 'मुगेन ट्रेन' सिनेमा बघितलेल्यांना यात नवीन काही नाही. उझुई ११व्यात डावा हात आणि डावा डोळा गमावून निवृत्त होतो. त्याला मार्क कधीच उमटत नाही, म्हणून नऊ जणांत पंचविशीची टांगती तलवार नसलेला जिवंत माणूस तो एकटाच, शिवाय तिन्ही बायका सुखरूप. गियूचा उजवा हात जातो, सानेमीच्या उजव्या हाताची दोन बोटं जातात, दोघं वाचतात. पण दोघांनाही मार्क आहे आणि वय २१. पुढच्या चार वर्षांत त्यांचं काय होतं हे पुस्तक उघडपणे सांगत नाही. ही पळवाट आहे असं काहींना वाटेल, पण २३व्यातली हाशिरांची शेवटची बैठक वाचताना ती न सांगितलेली गोष्टच जास्त टोचते.

सगळ्यात चांगली पुस्तकं कोणती म्हणाल तर १९ ते २१. कोकुशिबोविरुद्ध हाशिरा मुइचिरो, सानेमीचा भाऊ गेन्या, सानेमी आणि ग्योमेई. नुरा कुस्ती औषधालाही नाही. मुइचिरो १४ वर्षांचा पोर. आधी एक हात जातो, मग कमरेतून दोन तुकडे होतात, तरी कोकुशिबोच्या अंगात खुपसलेल्या तलवारीची मूठ तो सोडत नाही. त्या पकडीनं पातं लाल होतं, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांना वार करायला जागा मिळते. ते पान उघडून दोन मिनिटं थांबा. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी आहे, रेघा फक्त मुठीभोवती दाटल्यात.

आता खोट. २२वं पुस्तक आणि २३व्याचा पहिला भाग गर्दीनं भरलेत. राक्षसांचा म्होरक्या मुझान एका वेळी सगळ्यांना झोडपतो, कपडे फाटलेले, छपाई काळी-पांढरी, त्यामुळं तुटलेला हात कुणाचा हेच कळत नाही. ओळखायची खूण अशी: तोंडावर पट्ट्या आणि गळ्यात साप असेल तो इगुरो, छातीवर जुने व्रण तो सानेमी, अर्धा साधा अर्धा नक्षीचा अंगरखा तो गियू. तमायो या वैद्य बाईच्या औषधानं मुझान दर मिनिटाला ५० वर्षांनी म्हातारा होत असतो. हा आकडा डोक्यात ठेवला तर नुसतं पहाटेपर्यंत, म्हणजे राक्षसाला मारणारं ऊन येईपर्यंत, टिकून राहण्याला एवढी किंमत का, ते लक्षात येतं. इगुरो आणि मित्सुरी या दोन हाशिरांवर मात्र अन्याय झालाय. सूर्य उगवल्यावर दोघं एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात, आणि त्याला पानं मिळालीत मोजकीच. २३व्याच्या शेवटी दोघं पुढच्या जन्मी खाणावळ चालवताना दिसतात. ग्योमेई तिथं बालवाडीचा शिक्षक आहे. एवढ्यावर समाधान मानायचं.

खरेदीचं. सुट्या पुस्तकाच्या किमतीला २३ नं गुणा आणि मगच बॉक्सची किंमत बघा. फरक थोडाच असेल तर सुटी घेणं सोयीचं. बजेट कमी असेल तर ८, ११ आणि १५ ते २३ अशी अकरा पुस्तकं घ्या, १८ पासून नको. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. ओळखायचं असं: राखाडी ठिपक्यांच्या छटेत जाळी किंवा डाग दिसतात, काळा रंग करडा पडतो, आणि मधल्या शिवणीत अक्षरं घुसलेली असतात. शेवटची खूण पक्की, कारण स्कॅन करून छापताना समास कापले जातात. पार्सल आलं तर बॉक्सचे कोपरे बघून मगच प्लास्टिक फाडा.

बॉक्समध्ये पुस्तकं घट्ट बसतात. वरून नखानं ओढलं की कण्याचा वरचा कागद सुटतो. हवं त्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूंची पुस्तकं आत ढकला आणि मधलं दोन बोटांच्या चिमटीत धरून काढा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत अडकलेल्या ओलीनं पानांना लाटा येतात. मध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या तरी पुरे. आणि नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी बॉक्स खालच्या फळीवर ठेवूच नये. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, खालच्या फळ्या तेव्हा पहिल्या गेल्या.

उसनं द्यायची वेळ आली तर ८वं आणि १७वं सोडून काहीही द्या. ही दोन परत येत नाहीत.