पस्तिशीनंतर कथक की भरतनाट्यम? गुडघे, टाचा आणि कंबर काय म्हणतात

नाच शिकायचा राहून गेला होता, आता क्लास लावायचाय, पण गुडघा किंवा कंबर अधूनमधून कुरकुरते. अशांना कोणती शैली मानवेल, एवढंच इथे बघू. सुंदर कोणती, तो वाद नको.

भरतनाट्यममध्ये सगळी मदार अरैमंडीवर. पावलं बाहेर वळवून, गुडघे दुमडून अर्धं बसायचं आणि बहुतेक अडवू, म्हणजे नाचाच्या मूलभूत हालचाली, त्याच बैठकीत करायचे. पाय बाहेर वळायला हवा तो खुब्यातून. मोठेपणी सुरू करणाऱ्यांचा खुबा बहुधा तेवढा फिरत नाही, मग नुसती पावलं ओढून वळवली जातात आणि पीळ बसतो गुडघ्याला. आरशासमोर बसून बघा: गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आली पाहिजे. आत झुकत असेल तर पावलांचा कोन कमी करा. अरैमंडी जरा कमी देखणी दिसेल, दिसू दे. बैठक खोल नेण्याच्या नादात कंबरेला मागून बाक येतो, तो वेगळाच. टाचा उचलून पूर्ण बसायची मुळुमंडी तर वाटीमागे दुखणाऱ्यांनी सुरुवातीला टाळावीच.

कथकमध्ये उभं राहायचं सरळ, त्यामुळे वाटीवर दाब कमी. पण सरळ पायात धक्का झेलायला गुडघ्याचा लवही नसतो. तीनतालाच्या 16 मात्रांचा तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवणं, ठाय म्हणजे संथ लयीत सोपा वाटतो. चौगुनीत एका मात्रेत चार आघात, म्हणजे एका आवर्तनात 64. ते सगळं टाच, पोटरी आणि नडगीवर येतं. त्यात घुंगरांचं वजन. चक्कर घेताना भार डाव्या टाचेवर असतो. घामेजलेली टाच फरशीला चिकटली की घोटा नाहीतर गुडघा मुरगळतो. भोवळीचा त्रास असेल तर हा भाग गुरूंना आधीच सांगा.

माझ्या मते वाटी किंवा कंबर दुखत असेल तर कथक. टाच किंवा नडगी हुळहुळी असेल तर भरतनाट्यम, पण पाय आपटणं तिथेही आहेच, सुटका नाही. दोन्हीकडे दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट, मग क्लास. नुसत्या विश्रांतीने दुखणं थांबतं, ताकद मात्र घटते आणि परत नाचायला लागलं की तेच. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून टाच सावकाश उचलायची आणि त्याहून सावकाश खाली आणायची, हा साधा व्यायाम तत्काराची चांगली पूर्वतयारी आहे. अरैमंडीसाठी मांडी आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट हवेत.

नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर मालिश, क्रेप बँडेज वगैरे घरगुती उपाय बाजूला ठेवा. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. अशा वेळी नाच थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा.

फी भरण्याआधी क्लासची जमीन बघा. काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी दोन्ही शैलींना वाईट. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन उत्तम, पण मिळते क्वचित. आणि गुरूंना विचारा, तासाच्या सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात का, की आल्याबरोबर चौगुन?