साल, शस्त्रशाला, आखाडा की तालीम?

जुन्या काळातली फ्रेंच किंवा इंग्रजी कादंबरी मराठीत आणणाऱ्याला 'साल दार्म' कधी ना कधी आडवा येतोच. तलवारबाजी शिकवायची जागा, एवढा अर्थ सगळ्यांना कळतो. अडतं ते मराठीत काय लिहायचं यावर. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची एक कादंबरी करताना मी चार पर्याय वापरून पाहिले. तुमचं पुस्तक वेगळं असेल, निवडही वेगळी ठरू शकेल. तरी माझा अनुभव सांगतो.

आधी मूळ भाषा कोणती ते बघा. फ्रेंचमध्ये नुसतं 'साल' म्हणजे कुठलीही खोली. न्हाणीघरातही हाच शब्द, जेवणघरातही हाच. आजचा पॅरिसचा पोरगा 'सालला चाललो' म्हणाला तर तो बहुधा जिमला निघालेला असतो. इंग्रजीने मात्र तो शब्द उचलला आणि शेपूट कापून टाकलं. तिथल्या तलवारबाजांच्या तोंडी नुसतं 'साल' म्हणजे तलवारबाजीचीच जागा, आणि पुष्कळदा पुढे वस्तादाचं नाव, जसं लंडनची 'साल बर्ट्रांड'.

शब्द तसाच ठेवावा, असं मलाही सुरुवातीला वाटलं. परकं वातावरण टिकतं, तळटीप दिली की काम भागतं. 'ब्रिज' किंवा 'कॅफे' आपण ठेवतोच की. पण कॅफेला 'त' लावला तर 'कॅफेत' होतं आणि कुणी अडखळत नाही. साल मराठीत आधीपासून दोनदा नांदतंय, एक वर्षाचं, एक फळाची. नपुंसकलिंगी धरा, 'तो रोज सकाळी सालात जाई'. फ्रेंचप्रमाणे स्त्रीलिंगी धरा, 'तो सालीत शिरला', म्हणजे केळ्याच्या की डाळिंबाच्या? अनेकवचन 'साली' तर मोठ्याने वाचूच नका. त्यात इतिहास आला की कहर. पॅरिसच्या शस्त्रगुरूंच्या संघाला राजाची सनद मिळाली १५६७ मध्ये. 'मध्ये' अशासाठी, की '१५६७ साली पॅरिसच्या सालींमधल्या' असं एकदा लिहून बसलो आणि पेन खाली ठेवलं. पूर्ण 'सालदार्म' जोडून लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी शेवटचा 'म' खोडून 'सालदार' करून पाठवलं. त्यांचंही बरोबरच होतं. विदर्भ-खानदेशातल्या माणसाला सालदार माहीत असतो, पाडव्यापासून वर्षाच्या कराराने राबणारा. माझा नायक उमराव घराण्यातला होता.

खरं सांगायचं तर निवड तिथेच झाली. विभक्ती लागली की जो शब्द दुसऱ्याच गावाला जातो, तो कितीही अस्सल असला तरी चारशे पानं निभावत नाही.

'शस्त्रशाला' भारदस्त आहे, आणि एका जागी तोच बरोबर. किल्ल्यातल्या हत्यारं मांडून ठेवलेल्या दालनालाही फ्रेंचमध्ये 'साल दार्म'च म्हणतात. प्रसंगात वस्ताद नाही, घाम नाही, भिंतीवर नुसत्या ढाली टांगल्यात, तर खुशाल शस्त्रशाला लिहा. एरवी हा शब्द वाचला की मला द्रोणाचार्य दिसायला लागतात.

'आखाडा' वाईट नाही. पण आखाड्यात माणूस उतरतो तो भिडायला. राजकीय आखाडा म्हणतो तो त्याच अर्थाने. कुंभातले साधूंचे आखाडे आणखी निराळेच. सालमध्ये मुख्य असतो तो पाठ. वस्ताद छातीवर जाड कातडी कवच बांधून शिष्यासमोर उभा राहतो, स्वतःची छातीच लक्ष्य म्हणून पुढे करतो आणि एकच वार मनगट सैल होईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतो. दोन शिष्यांची झुंज त्यानंतर. हे सगळं आखाड्यात बसत नाही, निदान मला बसवता आलं नाही.

राहिली तालीम. आक्षेप ठाऊक आहेत. तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट आणि मारुतीची तसबीर डोळ्यांपुढे येते. आणि नाटकाचीही तालीम असतेच. माझ्या पुस्तकात नायिका नटी होती, त्यामुळे दुसरी अडचण खरीच होती. तिथे मी 'तालमीत जाणे' तलवारीला ठेवलं आणि 'तालीम करणे' नाटकाला. वाचकांचा गोंधळ झाल्याचं कानावर आलं नाही. मातीचं म्हणाल तर नायक पहिल्यांदा आत जातो त्या परिच्छेदात लाकडी फळ्यांची जमीन, खुंट्यांवरचे जाळीचे मुखवटे, घोडीवर ओळीने लावलेल्या बोथट टोकाच्या तलवारी दाखवल्या, की माती आपोआप पुसली जाते.

शिवाय तालीम फक्त कुस्तीची कधीच नव्हती. शब्द अरबी, अर्थ शिक्षण. कोल्हापुरातल्या तालमींत लाठी, दांडपट्टा, फरीगदका शिकवतात, आणि पाटाकडील तालीम मंडळ किंवा दिलबहार तालीम मंडळ तर फुटबॉलच्या मैदानावर दिसतात. 'मेत्र दार्म'ला, म्हणजे शस्त्रगुरूला, वस्ताद हा शब्द आयता मिळतो, तोही याच घरातला. आणि 'साल बर्ट्रांड'चं काय करायचं, हा प्रश्नच उरत नाही. अमक्याच्या तालमीत तयार झालेला, हे आपण गवयाबद्दलही म्हणतो, पहिलवानाबद्दलही. जागा आणि गुरू एकाच शब्दात येतात. बाकी तिन्हींकडून हे काम होत नाही.

आजच्या खेळाबद्दल लिहीत असाल, तलवारबाज भवानीदेवीबद्दल वगैरे, तर यातलं काहीच नको. बातमीत 'तलवारबाजी' रुळलाय, खेळाडू 'हॉलवर जातो' म्हणतात, तेच ठेवा. आणि कादंबरीत तालीम घेतलीच, तर 'तालीममध्ये' तेवढं लिहू नका.