मोडी कागदांसाठी इन्फ्रारेड कॅमेरा : आठ महिने वापरल्यावर

घरातल्या मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, कपाटात पडून होता. कधीकाळी छप्पर गळून कागद चहाच्या रंगाचे झालेले, त्यावर नंतर कुणी मारलेले जांभळे शिक्के. ते वाचता यावेत म्हणून जुना डीएसएलआर कॅमेरा इन्फ्रारेडसाठी, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासाठी, बदलून घेतला.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो, पण त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती काढून तिथे ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवला; तो साधारण त्यापुढचाच प्रकाश आत सोडतो. त्याआधी काच न काढता नुसता फिल्टर लेन्सवर लावून पाहिला होता : एका फोटोला अर्धा मिनिट, आणि चित्र दाणेदार. त्या भानगडीत पडू नका.

बदललेल्या कॅमेऱ्यात पहिल्याच फोटोत डाग जवळजवळ गेले, शिक्का गेला आणि बोरूची अक्षरं काळीकुट्ट उरली. काजळाची शाई म्हणजे कार्बन, तो इन्फ्रारेड गिळतो. शिक्क्याच्या रंगातून मात्र इन्फ्रारेड आरपार जातो. शिक्क्याखाली दबलेली दोन नावं दहा मिनिटांत लागली. पण जिथे घडीवर शाईच झडून गेली होती, तिथे काही म्हणजे काही मिळालं नाही. मी उगाच आशा लावून बसलो होतो.

मोठी चूक माझीच. नात्यातल्या एकांचे कागद दोन दिवसांसाठी आणले, फक्त इन्फ्रारेड फोटो काढले आणि परत केले. घरी पाहतो तर समासात आजोबांनी निळ्या शाईने लिहिलेल्या टिपा फोटोत नाहीतच! पुन्हा दोनशे किलोमीटर. तेव्हापासून आधी मोबाइलने साधा फोटो, मग हा.

उजेडाचं म्हणाल तर घरातल्या पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड नसल्यातच जमा. हॅलोजनमध्ये भरपूर, पण कागद तापतो. शेवटी सीसीटीव्हीसाठी मिळतात तसे ८५० नॅनोमीटरचे दोन दिवे दोन्ही बाजूंना लावले. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे टक लावून बघू नका. फोकस व्ह्यूफाइंडरमधून चुकतो, लाइव्ह व्ह्यूमध्येच, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, घ्यावा. माझ्या एका लेन्सला छिद्र लहान केलं की मधोमध पांढुरका ठिपका येतो; ती लेन्स बाजूला ठेवली.

चित्रांवर प्रयोग एकदाच केला. कागदावरच्या एका जुन्या देवचित्रात पातळ रंगाखाली हाताची आधीची काळी रेघ दिसली, मजा आली. तैलचित्रांच्या जाड थराला हा कॅमेरा पुरत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन आयक या चित्रकाराच्या १४३४ च्या अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रात हात-पाय आधी वेगळ्या जागी काढलेले दिसले, ते याहून लांब तरंगलांबीच्या यंत्रांचं काम. ती आपल्या खिशाबाहेरची.

बाकी हा कॅमेरा आता दुसऱ्या कामाचा राहिला नाही. भाचीच्या साखरपुड्याला चुकून हाच नेला. अंगणातला आंबा चुना फासल्यासारखा पांढरा आणि नवऱ्यामुलाचा काळा सूट राखाडी. ताई अजून बोलते.