अंगणात एकच माड लावायचा, तर कोणता?

आमच्या वडिलांनी घर बांधलं त्याच वर्षी गावाहून बाणवलीचं रोप आणलं आणि मागच्या भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर लावलं. आज तो माड गच्चीच्या वर गेलाय, भरपूर धरतो, आणि वेळेवर उतरवला नाही तर सुके नारळ थेट गाडीच्या शेडवर सोडतो. रात्री अडीचला पत्र्यावर नारळ पडल्याचा आवाज एकदा ऐकला की रोपवाटिकेत विचारायचे प्रश्न बदलतात. 'किती नारळ लागतील' हे नंतर. आधी हे ठरवा की पंधरा वर्षांनी वर कोण चढणार आणि तेव्हा खाली काय असणार.

बाणवली हा कोकण किनाऱ्याचा उंच माड. धरायला सहा-सात वर्षं घेतो, पण पुढे नीट ठेवला तर वर्षाला 80 ते 100 नारळ देतो आणि नातवंडांनाही पुरतो. खोबरं जाड, तेल चांगलं, आणि पाण्याची एखादी पाळी चुकली तरी लगेच रुसत नाही. स्वयंपाकात रोज नारळ फुटत असेल आणि 25 फूट मोकळी जागा असेल, तर याच्यासारखं झाड नाही. यातली एक जरी अट बसत नसेल तर मोह आवरा. नारळ पाडणारा माणूस शहरात वेळेवर मिळत नाही, आणि एका झाडासाठी तर तो फोनही उचलत नाही.

ठेंगू जातींत आपल्याकडे जास्त दिसतो तो चौघाट ऑरेंज ड्वार्फ. मूळ केरळचा, केशरी शहाळ्यांचा. तीन-चार वर्षांत धरतो आणि पहिली बरीच वर्षं शिडीवरून काढता येतो. पाणी गोड, खोबरं मात्र पातळ. म्हणजे हा शहाळ्यांचा माड आहे, सोलकढीचा नाही. शिवाय लाडावलेला असतो. उन्हाळ्यात पाणी तुटलं की फळगळ सुरू, आणि आयुष्यही बाणवलीच्या निम्म्यावर. रोपवाटिकेत 'सिंगापुरी' म्हणून जे काही मिळतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ऑरेंज ड्वार्फचं रोप घेताना पानाचा देठ बघायचा. तो केशरी हवा. हिरवा किंवा तपकिरी असेल तर परागीकरणात दुसऱ्याच माडाची भेसळ झालेली आहे, मग विकणारा काहीही म्हणो.

मधला रस्ता म्हणजे आई बाणवली आणि बाप ठेंगू असा संकर, ज्याला सगळे टी बाय डी (टॉल बाय ड्वार्फ, म्हणजे उंच आणि ठेंगू) म्हणतात. चार-पाच वर्षांत धरतो, खोबरंही बरं असतं. पण खत-पाण्यात हयगय केली की एक वर्ष लगडतो आणि एक वर्ष बसून राहतो. आणि हो, यथावकाश तोही उंच होतोच.

पोफळीचा, म्हणजे सुपारीच्या झाडाचा मोह कोकणातून आलेल्या प्रत्येकाला होतो. सरळ, सडपातळ, नऊ फुटांच्या अंतरावर बसणारी, कोपऱ्यात छान दिसते. पण उघड्या अंगणात एकटी पोफळ लावणं म्हणजे तिचा छळ. श्रीवर्धनच्या वाड्यांत ती माडांच्या आणि केळींच्या सावलीत वाढते. उघड्यावर नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन खोडाला भाजतं, साल तडकते आणि पुढे वाऱ्यात तिथूनच मोडते. पश्चिमेला उंच झाड किंवा भिंत असेल तरच लावा, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाजूला केळ ठेवा.

फळ नकोच, नुसती शोभा हवी, असंही असतं. तेव्हा फॉक्सटेल पाम घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा आहे, उन्हात खूश राहतो, झुबकेदार शेपटीसारखी पानं पिकली की आपोआप गळतात, चढावं लागत नाही. रॉयल पामही पानं आपणच टाकतो, पण त्याची झावळी चांगली वजनदार असते. गाडी लावायच्या जागेवर तो नको. आपल्याकडे रॉयललाच सर्रास 'बॉटल पाम' म्हणून विकतात. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, ठेंगणा आणि अगदी संथ वाढणारा. बुटका समजून कुंपणाला लावलेला 'बॉटल' दहा वर्षांत विजेच्या तारांना भिडलेला मी दोन बंगल्यांत पाहिलाय. भेरली माड देखणा खरा, पण त्याच्या फळांनी अंगाला भयंकर खाज सुटते. लहान मुलं असतील तर विषय संपला. आणि सायकस हा पाम नाहीच. त्याच्या बिया कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात.

खर्च आणि कष्ट कुठे पडतात ते आता. माडाला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, तळाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पोकळ बाजू वर करून रचायची म्हणजे ओल धरून राहते. पुण्याकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर आधी निचरा, मग माड. पाच वर्षांवरच्या नारळाला वर्षाला 50 किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो पोटॅश लागतं. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, मग दरवर्षी तेवढंच वाढवत जायचं. रासायनिक खत तीन हप्त्यांत द्यायचं. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला चार दिवसांनी साधारण 200 लिटर पाणी. शोभेच्या पामला यातलं फारच थोडं पुरतं, आणि टँकर मागवणाऱ्या सोसायटीत माझं मत तिकडेच झुकेल.

कुठलाही माड-पाम घ्या, एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. खोडाला कोंब एकच असतो. आंब्याचा शेंडा तुटला तर फांद्या फुटतात, माडाचा कोंब गेला की त्या खोडाचा कारभार आटोपला. गेंड्या भुंगा नेमका तिथेच शिरतो. त्याने पोखरलेलं पान उलगडलं की कात्रीने त्रिकोणी कापलेल्या पंख्यासारखं दिसतं. असं पान दिसलं त्याच दिवशी तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढायचा आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरायची. थांबलात तर त्या जखमेतून सोंड्या भुंगा आत जातो. खोडावर तपकिरी चीक ओघळायला लागला, कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज आला, तर बहुतेक उशीर झालेला असतो. गेंड्या भुंग्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते. तेव्हा बागेतला खताचा ढीग माडाच्या बुंध्याशी नको.

माळ्यांची एक खोड सांगून टाकतो. दिवाळीआधी ते पामची 'कटिंग' करतात आणि वर चार पानांची शेंडी ठेवतात. खालची पिवळी पडलेली पानं उगीच काढू नयेत. पोटॅश कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतं. ती कापली की पिवळेपणा एक पायरी वर चढतो. पूर्ण वाळलेलं चुडत, म्हणजे सुकी झावळी, तेवढं काढायचं.

मला विचाराल तर दोन-तीन गुंठ्यांच्या बंगल्यात, पाणी हाताशी असेल तर एक टी बाय डी. शहाळी हवीत आणि घरातलं कुणी उन्हाळ्यात न चुकता पाईप धरणार असेल तर ऑरेंज ड्वार्फ. पाण्याची बोंब असेल तर फॉक्सटेल. आम्ही यंदा टी बाय डीचा खड्डा काढलाय, शेडपासून बावीस फूट मोजून. टेपचं दुसरं टोक वडिलांनीच धरलं होतं.